गिऱ्हाईक सयामचं

पाहुरातला बँकॉकचं 'लिटल इंडिया' म्हणतात. साड्या, ओढण्या, बांगड्या, उदबत्त्या, गरम सामोसे हे सगळं तिथे आहेच. पण पाहुरात रस्त्याला लागल्यावर दुकानांच्या काचांमधून आधी सामोरे येतात ते थाई नृत्याचे पोशाख. डोक्यावर निमुळता होत गेलेला सोनेरी मुकुट, खांद्यांवर ज्वाळेसारखी वर वळलेली जरीची पानं, छातीवर खड्यांचा पट्टा आणि खाली चापूनचोपून नेसवलेलं जरीकाठी वस्त्र. एका दुकानात मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी आलेली थाई आई मुकुटाचं माप बघत होती. गल्ल्यावर निळी पगडी बांधलेले वयस्क सरदारजी होते. मुकुट मुलीच्या कानांवर उतरत होता. त्यांनी आतून स्पंजची पट्टी लावून तो नीट बसवला, मग कमरपट्टा, बाजूबंद, पायांतले वाळे असा सगळा संच न विचारता समोर मांडला. कोणत्या नाचाला काय लागतं हे त्यांना तोंडपाठ होतं.

मी इचलकरंजीत वाढले. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आमच्या गावात पहिला यंत्रमाग बसवला, आणि माझ्या लहानपणापर्यंत घराच्या भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट नाही अशी गल्ली शोधावी लागायची. आमच्याकडचं बरंचसं कापड 'ग्रे', म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं. ते ट्रकमध्ये चढलं की पुढे कोणाच्या अंगावर जातं हे विणणाऱ्याला कधी कळत नाही. म्हणूनच असेल, कुठल्याही शहरात गेले की मी कापडबाजार बघते. त्या बाजारांत पाहुरात मला सर्वांत जास्त शिकवून गेला. परक्या देशातल्या माणसाला काय नेसायचं आहे, कधी नेसायचं आहे, कोणत्या रंगात नेसायचं आहे, हे त्याच्याइतकंच बारकाईने ओळखणं ही मोठी विद्या आहे. इथल्या पेढ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कमावली आहे.

साम योत हे मेट्रोचं स्टेशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्यामुळे आता इथे पोचणं सोपं आहे. बाहेर पडून थोडं चाललं की 'ओल्ड सयाम' नावाची इमारत लागते. तिच्या जागी पूर्वी मिंग मुआंग नावाचा बाजार होता आणि तिथल्या शिंप्यांचं मोठं नाव होतं. शिंपी आणि कापडवाले एकमेकांच्या आधाराने वाढतात, तसंच इथेही झालं. खुद्द पाहुरात रस्ता राजा चुलालाँगकॉर्न यांच्या काळातला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे व्हिएतनामी लोकांची वस्ती होती. १८९८ मध्ये ती आगीत जळाली आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून हा रस्ता काढला गेला. राजाची मुलगी बाहुरत १८८७ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी वारली होती. तिचं नाव रस्त्याला दिलं गेलं. पूर्वेला कालवा ओलांडला की साम्पेंगची चिनी गल्ली सुरू होते. १७८२ मध्ये राजवाड्यासाठी जागा रिकामी करून घेतली तेव्हा तिथल्या चिनी व्यापाऱ्यांना साम्पेंगला हलवलं होतं. बटणं, चेन, इलॅस्टिक, लेस तिकडे. कापडाचे ताके इकडे. दोन्ही बाजारांत दिवसभर हातगाड्यांची ये-जा चालू असते आणि पायी चालणाऱ्याने अंग चोरूनच चालायचं असतं.

मुख्य रस्त्यावरून आतल्या बोळात शिरले. वरती पत्रे, खाली दोन्ही बाजूंनी छातीपर्यंत रचलेले ताके, मध्ये जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. साटिन, नेट, शिफॉन, टिकल्यांचं कापड, खोटी जर, थाई रेशमासारखं दिसणारं पॉलिएस्टर. आपल्याकडे मीटर आला तरी तोंडात 'वार' राहिला. इथे कापड अजून खरोखरच वारावर मोजलं जातं. पितळी पट्टी काउंटरला ठोकलेली, आणि दुकानात काम करणाऱ्या थाई मुलीचे हात इतके सराईत की कापड पट्टीवरून वाहत गेल्यासारखं वाटावं. मी सवयीने एक ताका बोटांत चुरून पाहिला. दुकानदाराच्या ते लगेच लक्षात आलं.

"बहनजी, अपने लिए चाहिए या इनके लिए?" त्यांनी विचारलं.

'इनके लिए' म्हणताना त्यांनी हाताने रस्त्याकडे, थाई गिऱ्हाइकांकडे दाखवलं. मला दोन्ही बघायचं आहे म्हटल्यावर त्यांनी आतून स्टूल मागवलं. घरचा धंदा मागांचा हे कळल्यावर चहाही आला. त्यांचे आजोबा गुजराँवाला जिल्ह्यातले. इथल्या कितीतरी शीख घराण्यांची मुळं गुजराँवाला, सियालकोट, शेखूपुरा या जिल्ह्यांत आहेत. आधी एकटे पुरुष यायचे, पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव फिरायचे, उधारीवर द्यायचे आणि हप्त्याने वसूल करायचे. मग १९४७ मध्ये ते जिल्हे पाकिस्तानात गेले आणि परत जायला गावच उरलं नाही. "तेव्हापासून हेच," एवढंच बोलून त्यांनी ताक्यावर हात ठेवला.

'आपल्यासाठी'चा माल दुकानाच्या एका कोपऱ्यात होता: लग्नाचे लेहंगे, काही साड्या, शेरवानीचं कापड. बाकी सगळं दुकान 'त्यांच्यासाठी' होतं, आणि ते कसं लावलं आहे हे मला त्यांनी समजावून सांगितलं. थाई लोकांत आठवड्याच्या प्रत्येक वाराला रंग आहे. सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा, रविवार तांबडा. ही वाटणी आपल्या ग्रहदेवतांच्या रंगांपासून निघाली आहे. राजघराण्यातल्या व्यक्तीचा जन्म ज्या वारी झाला त्या वाराचा रंग तिचा मानला जातो. राजा भूमिबोल सोमवारचे, म्हणून पिवळा त्यांचा. २००६ मध्ये त्यांच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली तेव्हा अख्खं बँकॉक पिवळ्या सदऱ्यांत होतं. कोणाचा वाढदिवस कधी येतो, कोणत्या रंगाचे ताके किती आधी मागवायचे, हे सगळं दुकानदाराच्या डोक्यातल्या पंचांगात असतं.

पण पंचांगात नसलेलाही दिवस येतो. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी भूमिबोल गेले. सत्तर वर्षं राज्य केलेला राजा. देशातल्या बहुतेकांनी दुसरा राजा पाहिलाच नव्हता. वर्षभर सुतक पाळलं गेलं. काळे कपडे पाहता पाहता संपले, तेव्हा लोकांनी घरातले रंगीत कपडे काळे करून घ्यायला सुरुवात केली आणि शहरात ठिकठिकाणी फुकट कपडे रंगवून देणाऱ्या कढया लागल्या. दुकानदार सांगत होते की त्यांच्याकडचं काळं कापड, अगदी अस्तराचंसुद्धा, उरलं नाही. ते हे सांगताना विक्रीचा आकडा बोलले नाहीत. स्वतःही वर्षभर काळी पगडी बांधत होते, असं म्हणाले. गिऱ्हाइकाचं सुतक दुकानदाराने अंगावर घेणं मी याआधी कुठे पाहिलं नव्हतं.

भारतीय कापडवाला आणि सयामचं गिऱ्हाईक हे नातं शिखांच्याही आधीचं आहे. आदल्या दिवशी मी राजवाड्याच्या आवारातलं राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय पाहून आले होते, त्यामुळे पाहुरातमध्ये फिरताना तेच डोक्यात घोळत होतं. अयुथया या जुन्या राजधानीतल्या राजांपासून सयामचा दरबार भारतातून कापड मागवत असे. नक्षी सयामच्या कारागिरांनी काढायची, ती समुद्रापार कोरोमंडल किनाऱ्यावर पाठवायची आणि तिथल्या रंगाऱ्यांनी ती सुती कापडावर उतरवायची. हात जोडलेल्या देवता, ज्वाळांचे काठ, चौकटीतली फुलं. यांतलं आंध्र-तमिळ घरात कोणी नेसणार नव्हतं. दरबारातल्या माणसाचा हुद्दा त्याला राजाने दिलेल्या वस्त्रावरून कळत असे, म्हणजे एका काठाची चूक कोणाच्या तरी मानमरातबाची चूक. इतक्या जोखमीचं काम अनोळखी देशातल्या रंगाऱ्यांवर सोपवलं जात होतं, आणि ते चोख करत होते.

एकोणिसाव्या शतकात ही मागणी सामान्य लोकांपर्यंत उतरली तेव्हा गुजरात पुढे आला. अहमदाबादजवळच्या पेथापूरचे कारागीर सागवानी लाकडात ठसे कोरत आणि त्यांतून सयामसाठी 'सौदागिरी' नावाचं छापील कापड निघत असे: बारीक बुट्ट्या, जाळ्या, दाट काठ. सुरतेच्या मस्कती या बोहरा घराण्याने १८५६ मध्ये बँकॉकला पेढी घातली, आणि थाई गिऱ्हाईक चांगल्या छापील कापडाला मस्कतींच्याच नावाने ओळखू लागलं. चाओ फ्राया नदीच्या पलीकडच्या काठावर या बोहऱ्यांची मशीद आजही आहे.

हे कापड नेसायचं कसं, ते संग्रहालयातल्या पुतळ्यांवर पाहिलं आणि मी तिथेच थांबले. लांब वस्त्र कमरेला गुंडाळायचं, पुढची टोकं एकत्र पिळायची, दोन पायांमधून मागे न्यायची आणि कमरेत खोचायची. त्याला 'चोंग क्राबेन' म्हणतात. माझ्या आजीचा कासोटा मी रोज पाहत मोठी झाले. हा त्याचा सख्खा भाऊच. बायका आणि पुरुष दोघेही तो नेसत. नदीच्या, चिखलाच्या, भातखाचरांच्या देशात दोन्ही पाय मोकळे ठेवणारं नेसणं दोन्हीकडे टिकलं, यात नवल नाही.

मग सयाममध्ये तो मोडला, तो हुकुमाने. फिबून सोंगखराम पंतप्रधान असताना १९३९ पासून 'राष्ट्रीय आचारा'चे फतवे निघाले. त्यांतला १९४१ चा फतवा पोशाखाचा होता. बाहेर पडताना टोपी घाला, बायकांनी स्कर्ट घालावा, चोंग क्राबेन नको. पाठोपाठ युद्ध आलं, जहाजं थांबली. पेथापूरच्या ठशांचं सयामचं गिऱ्हाईक या दोन तडाख्यांत गेलं. एखाद्या सरकारला आपली माणसं आधुनिक दिसावीत असं वाटतं, आणि त्यापायी हजारो मैलांवरच्या गावातल्या लाकूड कोरणाऱ्याचे हात रिकामे होतात. मला याचा राग येतो, इतक्या वर्षांनीसुद्धा येतो.

पाहुरातमध्ये आता चोंग क्राबेन पुन्हा टांगलेले दिसतात. २०१८ मध्ये अयुथयेच्या काळातली एक थाई मालिका, 'बुप्पेसन्निवात', इतकी गाजली की लोक जुन्या पद्धतीचे कपडे घालून देवळांत आणि अयुथयेच्या अवशेषांत फिरू लागले. ते कपडे पुरवायला हा बाजार तयारच होता. आपल्याकडच्या शिवलेल्या नऊवारीप्रमाणे इथेही कासोटा शिवून, कमरेला इलॅस्टिक घालून मिळतो. कापडावरची नक्षी पाहिली तर जुनी सौदागिरीच, पण यंत्रावर छापलेली, पॉलिएस्टरवर. बराचसा माल चीनमधून येतो. दुकानदारांनी लपवलं नाही. सुरतचाही येतो, म्हणाले, पण सुरतेला सांगितलेली तारीख पाळणं अवघड जातं. कापडाच्या गावातली असल्यामुळे ते वाक्य मला लागलं.

दुपारी गुरुद्वाऱ्यात गेले. श्री गुरु सिंह सभेची ही पांढरी, उंच, सोनेरी घुमटाची वास्तू बोळाबोळांतून मान वर केली की दिसतेच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला समाजाने वर्गणी काढून इथे पहिली इमारत बांधली. युद्धात दोस्तांची विमानं जवळच्या पुलावर आणि वीजघरावर बॉम्ब टाकत, तेव्हा लोक आसऱ्याला इथे येत. इमारतीवर पडलेले बॉम्ब फुटले नाहीत, ही हकीकत लंगरमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी मला कालच घडल्यासारखी सांगितली. आझाद हिंद चळवळीतही इथले लोक होते. ज्ञानी प्रीतम सिंग हे बँकॉकचे शीख धर्मप्रचारक, आणि थाई-भारत सांस्कृतिक आश्रम स्थापणारे स्वामी सत्यानंद पुरी, हे दोघे मार्च १९४२ मध्ये टोकियोच्या परिषदेला जाताना एकाच विमान अपघातात गेले. त्याच वर्षी जून महिन्यात बँकॉकमध्ये भरलेल्या परिषदेने सुभाषबाबूंना पूर्व आशियात बोलवावं असा ठराव केला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सिंगापूरला जागा मिळते, बँकॉक एका ओळीत उरकतं. त्या ओळीमागे या बाजारातली माणसं होती.

लंगरमध्ये डाळ, फुलके, फ्लॉवर-बटाट्याची भाजी आणि खीर होती. फुलके लाटणाऱ्यांत पंजाबी बायकांबरोबर थाई बायकाही होत्या, आणि सगळ्याजणी आपसांत थाईच बोलत होत्या. कापड थाई माणसाच्या मर्जीचं, बोली थाई, मुलांची आडनावंसुद्धा कित्येकांची थाई वळणाची. पण डाळीला दिलेली जिऱ्याची फोडणी गुजराँवालाच्या घरातली असावी अशी. पोशाख, भाषा, नाव यांत माणूस जगाशी तडजोड करतो आणि जेवणात स्वतःला राखतो, असं मला त्या पंगतीत वाटलं.

चक्रफेत रस्त्यावर आल्यावर मात्र तेही पुरतं खरं नाही हे दिसलं. इथे उत्तर हिंदुस्थानी खानावळी आहेत, मिठाईची दुकानं आहेत, पानाच्या टपऱ्या आहेत, कढईत सामोसे सतत तळले जात असतात. किराणा दुकानांत तूरडाळ, हिंग, पोहे, गूळ, लोणच्यांच्या बरण्या. आणि यांतलं निम्मं गिऱ्हाईक थाई. एक बाई वेलची, दालचिनी, लवंग भरपूर घेत होत्या. त्यांची मसामान रश्श्याची खानावळ आहे, असं कळलं. मसामान हा मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर आलेला रस्सा, आणि दुसऱ्या रामाने, म्हणजे १८०९ ते १८२४ या काळातल्या राजाने, आपल्या पदार्थवर्णनाच्या काव्यात त्याचं कौतुक केलं आहे. म्हणजे ही वेलची इथे पाहुणी नाहीच. मी कालव्याच्या कडेला बसून सामोसे आणि मसाला चहा घेतला. या ओंग आंग कालव्यावर पूर्वी दुकानांचं छप्पर होतं, पाणी दिसतच नसे. २०१५ मध्ये ती दुकानं हटवली, पुढे काठ बांधून काढले, भिंती रंगवल्या. आता संध्याकाळी थाई तरुण मुलंमुली इथे बसून जिलब्या खातात.

मिठाईच्या दुकानात साच्यातले माव्याचे मोदक रचलेले पाहून मी चकित झाले. पंजाबी हलवायाकडे मोदक! विकत घेणारी सगळी थाई मंडळी. गणपती इथे घरोघरी पुजला जातो. तो कलांचा देव मानला जातो, सरकारच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावर तोच आहे, आणि नाचणारे, नट, शिल्पकार काम सुरू करण्याआधी त्याला हात जोडतात. त्याला मांस चालत नाही, ऊस, केळी, दूध, मोदक लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बाजूच्या दुकानात गणेशमूर्ती होत्या: निळ्या, गुलाबी, सोनेरी, वारांच्या रंगांच्या. एका मुलीने तिच्या जन्मवाराचा, गुरुवारचा, नारिंगी गणपती घेतला आणि मला विचारलं, तुमच्या गावी मोदक कसे करतात. मी उकडीच्या मोदकाचं वर्णन केलं. तांदळाचं पीठ, ओला नारळ, गूळ. ती हसून म्हणाली, मग हे आमच्याच मिठाईसारखं झालं. आणि ते खरं होतं. नारळ आणि तांदळाच्या पिठाशिवाय थाई मिठाई उभीच राहत नाही. माव्याच्या मोदकापेक्षा आमचा कोकणातला मोदक तिला जास्त घरचा वाटला असता.

निघण्याआधी पुन्हा कापडाच्या बोळात गेले. दुकानदारांचा नातू फोन तिपाईवर लावून ऑनलाइन विक्री करत होता, अस्खलित थाईत, ताक्याची घडी उलगडून उजेडात धरून, जर दाखवून. ऑर्डरी दूर चियांग माईहून येत होत्या. दुकानदारांचे आजोबा पाठीवर गाठोडं घेऊन जात त्याच गावांना हा नातू आता या फोनवरून पोचतो. मला हवा होता सुती कापडाचा एक तुकडा. फार शोधून त्यांनी माळ्यावरून काढला: तांबूस जमीन, बारीक जाळी, दोन्ही बाजूंना ज्वाळांचा काठ. हाताने छापलेला. कधीचा, ते त्यांनाही सांगता येईना. दुकान लावताना वडिलांच्या मालात आला होता. ठसा जिथे जिथे जोडला गेला तिथे रेघ केसभर सरकली होती. तीन वार होतं. त्यांनी भाव सांगायला वेळ लावला, मग सांगितला तो रास्त होता.

तो तुकडा घेऊन मला आता पेथापूरला जायचं आहे. ठसे कोरणारी मोजकी घरं तिथे अजून आहेत. ही जाळी कोणाच्या ओळखीची निघते का, आणि सुती कापडावर पुन्हा छापायची तर काय खर्च येईल, हे विचारायचं आहे. दुकानदारांनी त्यांचा नंबर कागदावर लिहून दिला आहे. शंभर वार निघालं तरी घेईन, म्हणाले, पण सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, आधी पोचलं पाहिजे.